अवकाश पृथ्वीत वाहत जाते का? कालविस्तार, गुप्त मिती आणि क्वांटम निर्वात

आपण मला पाठवलेल्या टिपणातील कल्पनेचा गाभा मला समजला तो असा. पृथ्वीसारख्या प्रत्येक वस्तुमानाकडे अवकाश, म्हणजेच क्वांटम निर्वात (पदार्थ नसतानाही सूक्ष्म चढउतार चालू असलेली रिकामी जागा), सतत वाहत येते. पृष्ठभागाशी या ओघाचा वेग मुक्तिवेगाइतका (पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणाऱ्या वेगाइतका), म्हणजे सेकंदाला ११.२ किलोमीटर असतो. त्या ओघात स्थिर उभे असलेले घड्याळ वेगाने धावणाऱ्या घड्याळासारखेच मंद चालते (यालाच कालविस्तार म्हणतात), आणि आत शिरलेले निर्वात एका गुप्त मितीत, म्हणजे लांबी, रुंदी, उंचीपलीकडच्या न दिसणाऱ्या दिशेत, नाहीसे होते. या ओघातून ऊर्जा काढता येईल का, असेही आपण शेवटी विचारले आहे. अणुघड्याळे आणि वारंवारतेची मानके यांत माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे अशी टिपणे माझ्याकडे अधूनमधून येत असतात. त्यांतील बहुतेकांत एकही आकडा नसतो. आपल्या टिपणात तो आहे, आणि त्यामुळेच त्याची तपासणी करता येते.

आपण दाखवलेला योगायोग खरा आहे, हे प्रथम मान्य करतो. दूरवरच्या घड्याळाच्या तुलनेत पृथ्वीच्या पृष्ठभागावरील घड्याळ एक अब्जात सुमारे ०.७ भाग इतके मंद चालते. वर्षाकाठी हा फरक सुमारे २२ मिलिसेकंद होतो. सेकंदाला ११.२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या घड्याळासाठी विशिष्ट सापेक्षतेचे सूत्र वापरले तर नेमके हेच उत्तर येते. पॅनलेव्हे आणि गुलस्ट्रांड यांनी १९२१-२२ च्या सुमारास स्वतंत्रपणे गोलाकार वस्तुमानाभोवतीचे अवकाशकाल ज्या निर्देशकांत मांडले, त्यांत गणिताचे रूप आत वाहणाऱ्या अवकाशासारखेच दिसते, आणि कृष्णविवरे शिकवताना ते चित्र फार उपयोगी पडते. प्रश्न एवढाच की या चित्रातले ‘वाहणे’ ही खरी घटना आहे की मोजणीची सोय.

याचे उत्तर देण्यासाठी गुप्त मितीपर्यंत जाण्याची गरज नाही. तीन साधे हिशेब पुरतात. पहिला हिशेब दिशेचा. ओघाच्या वेगाचे चिन्ह उलटे केले, म्हणजे अवकाश पृथ्वीतून बाहेर वाहते असे मानले, तरी पृथ्वीबाहेरचे स्थिर गुरुत्वक्षेत्र तेच राहते आणि घड्याळांच्या मंदगतीत काडीचाही फरक पडत नाही, कारण तिथे वेगाचा वर्ग येतो. ज्या ओघाची दिशाच कोणत्याही मापनातून ठरवता येत नाही, तो कुठे जाऊन नाहीसा होतो हे विचारण्याला आधार उरत नाही.

दुसरा हिशेब ओघाच्या आकारमानाचा आहे, आणि माझ्या मते आपल्या कल्पनेची सर्वांत मोठी अडचण तिथे आहे. मुक्तिवेग अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, तर गोलाचे क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून पृथ्वीच्या केंद्रापासून चार त्रिज्यांवर कल्पिलेल्या गोलातून आत जाणारा ओघ पृष्ठभागावरच्या ओघाच्या आठपट भरतो: वेग निम्मा, क्षेत्रफळ सोळापट. पृथ्वीपर्यंत त्यातला एकच भाग पोहोचतो. उरलेले सात भाग वाटेतल्या रिकाम्या जागेतच नाहीसे व्हायला हवेत. गुप्त मितीचे दार वस्तुमानापाशी आहे असे आपण गृहीत धरले आहे. हिशेब सांगतो की ते दार सर्वत्र, जिथे एक अणूही नाही तिथेसुद्धा, उघडे असले पाहिजे. मग वस्तुमानाचे काम काय, हे नव्याने सांगावे लागेल.

तिसरा हिशेब सूर्याला सोबत घेऊन करावा. पृथ्वीच्या कक्षेपाशी सूर्यापासूनचा मुक्तिवेग सेकंदाला सुमारे ४२ किलोमीटर आहे. विषुववृत्तावर भर दुपारी सूर्याकडे जाणारा ओघ वर आणि पृथ्वीकडे जाणारा खाली, म्हणजे परस्परविरुद्ध असतील, तर मध्यरात्री दोन्ही एकाच दिशेने असतील. ते खरे प्रवाह असून नेहमीप्रमाणे बेरजेने जुळत असतील, तर एकूण वेग दुपारी सुमारे ३१ आणि मध्यरात्री सुमारे ५३ किलोमीटर येतो. त्यावरून दुपार आणि मध्यरात्र यांतील घड्याळाच्या गतीचा फरक दहा कोटींत एक भाग निघतो, आणि घड्याळ दररोज शंभराहून अधिक मायक्रोसेकंद मागेपुढे झाले पाहिजे. जीपीएसमध्ये एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटरची चूक. त्यामुळे असा दैनिक हेलकावा असता तर तो लपून राहणे अशक्य होते. प्रत्यक्षात बेरीज होते ती गुरुत्वविभवांची (त्या जागी एकक वस्तुमानाला असलेल्या गुरुत्वीय ऊर्जेची), म्हणजे वेगांच्या वर्गांची, आणि प्रवाह तसे वागत नाहीत. एकाच गोल वस्तुमानापुरते सुंदर दिसणारे हे चित्र दुसरे वस्तुमान आले की मोडते.

प्रवाह बाजूला ठेवला तरी आपल्या कल्पनेचा एक अधिक सौम्य अवतार शिल्लक राहतो: वस्तुमानाच्या जवळ निर्वाताचे गुणधर्म बदलतात आणि त्यामुळे घड्याळे मंद होतात. ही कल्पना प्रतिष्ठित आहे. सूर्याजवळ प्रकाशाचे वळणे अपवर्तनांकाच्या (माध्यमात प्रकाश किती मंदावतो हे सांगणाऱ्या संख्येच्या) भाषेत सांगता येते हे एडिंग्टन यांनी १९२० मध्येच नोंदवले होते, आणि डिकी यांनी १९५७ मध्ये गुरुत्वाचे ध्रुवणक्षम, म्हणजे पदार्थासारखे विद्युतक्षेत्राला प्रतिसाद देणाऱ्या, निर्वाताच्या रूपात वर्णन करून पाहिले. पण ‘निर्वात घड्याळाला मंद करते’ असे म्हटले की ती एक भौतिक यंत्रणा होते, आणि कोणतीही यंत्रणा वेगवेगळ्या घड्याळांवर सहसा वेगवेगळा परिणाम करते. विदर्भातल्या मे महिन्यात लंबकाचे घड्याळ मागे पडते कारण दांडा लांबतो. मनगटावरचे क्वार्ट्झचे घड्याळ त्याच खोलीत त्याच प्रमाणात मागे पडत नाही, आणि दोघांतील या फरकावरूनच दोष उष्णतेचा आहे, काळाचा नाही, हे कळते.

गुरुत्वाच्या आणि वेगाच्या बाबतीत असा फरक आजवर कोणालाही सापडलेला नाही. हार्वर्डमध्ये पाउंड आणि रेब्का यांनी १९६० मध्ये २२.५ मीटर उंचीच्या मनोऱ्यात लोह-५७ च्या अणुकेंद्रातून येणारे गॅमा किरण वापरले. तिथले घड्याळ म्हणजे अणुकेंद्र. हाफेले आणि कीटिंग यांनी १९७१ मध्ये प्रवासी विमानांतून सिझियमची घड्याळे जगाभोवती फिरवली. पूर्वेकडे जाताना ती सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली आणि पश्चिमेकडे जाताना सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. भाकिते ४० आणि २७५ अशी होती, आणि पूर्वेकडच्या भाकितातील अनिश्चितता ध्यानात घेतली तर दोन्ही जुळतात. युरोपातील सर्न प्रयोगशाळेच्या साठवण वलयात १९७० च्या दशकात प्रकाशाच्या ०.९९९४ पट वेगाने फिरवलेल्या म्युऑनांचे (इलेक्ट्रॉनसारख्या पण जड आणि अल्पायुषी कणांचे) आयुष्य २.२ वरून ६४.४ मायक्रोसेकंदांवर गेले. म्युऑनाचा ऱ्हास दुर्बल बलामुळे होतो, अणुकेंद्राची ऊर्जा प्रामुख्याने प्रबळ बलाने ठरते, सिझियमच्या घड्याळामागे विद्युतचुंबकत्व आहे, आणि तरी प्रत्येक ठिकाणी एकच सूत्र लागू पडते. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की त्या म्युऑनांचे त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या दहाच्या अठराव्या घाताइतके होते आणि तरीही नुसत्या त्वरणाचा वेगळा परिणाम दिसला नाही. घड्याळाची गती फक्त वेगावरून ठरली.

आपल्या कल्पनेला थेट भिडणारी कसोटी मात्र वेगळी आहे. पृथ्वी जानेवारीत सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी आणि जुलैत सुमारे १५.२ कोटी किलोमीटर अंतरावर असते. म्हणजे सूर्याच्या गुरुत्वविभवात आपली प्रयोगशाळा दरवर्षी थोडी आत-बाहेर होते, आणि त्यासाठी काहीही खर्च येत नाही. निर्वाताचा परिणाम हायड्रोजनच्या घड्याळावर एक आणि सिझियमच्या घड्याळावर दुसरा असा होत असेल, तर दोघांच्या वारंवारतेचे गुणोत्तर वर्षाच्या लयीत डोलले पाहिजे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने १४ वर्षांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की दोन्ही घड्याळांचा गुरुत्वीय प्रतिसाद एक कोटीत काही भागांच्या मर्यादेत सारखाच आहे. जी यंत्रणा सर्व घड्याळांना, सर्व बलांना, इतक्या काटेकोरपणे सारखीच लागू होते, तिला ‘घड्याळांवरील परिणाम’ म्हणायचे की ‘काळाचा गुणधर्म’, हा वाद प्रयोगशाळेच्या बाहेरचा ठरतो. माझा कल दुसऱ्या शब्दाकडे आहे, कारण त्यात कमी गृहीतके लागतात.

अपवर्तनांकाच्या चित्राला आणखी एक मर्यादा आहे. प्रत्येक ठिकाणी एकच संख्या देणारे निर्वात फिरत्या पृथ्वीने अवकाशकालाला दिलेला पीळ दाखवू शकत नाही. तो पीळ ग्रॅव्हिटी प्रोब बी या २००४ मध्ये सोडलेल्या उपग्रहाने मोजला; २०११ मध्ये जाहीर झालेला आकडा वर्षाला सुमारे ३७ सहस्रांश कोनीय सेकंदांचा होता आणि त्यातील अनिश्चितता १९ टक्के होती. ही अचूकता फार नाही, पण शून्य नक्कीच वगळले गेले. गुरुत्वीय लहरींचे (अवकाशकालातील तरंगांचे) ध्रुवीकरणही एकसंख्यी क्षेत्रासारखे दिसत नाही. निर्वाताला याहून अनेक घटक द्यावेत, तर होता होता आपण आइन्स्टाइनच्या दशघटकी मेट्रिकपाशीच (अवकाशकालातील अंतरे ठरवणाऱ्या दहा संख्यांपाशीच) येऊन पोहोचतो.

आता गुप्त मितीकडे वळतो. पाचव्या मितीची कल्पना कालुझा यांनी १९१९ मध्ये आइन्स्टाइनना कळवली आणि ती १९२१ मध्ये छापून आली. क्लाइन यांनी १९२६ मध्ये ती मिती एका अतिसूक्ष्म वर्तुळासारखी गुंडाळलेली असावी असे सुचवले. इथे आपल्या टिपणातला एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. गुंडाळलेली मिती म्हणजे वस्तू नजरेआड टाकून देण्याचे कोठार नव्हे. त्या वर्तुळावरून फिरणाऱ्या कणाची गती आपल्याला त्याच्या वस्तुमानाच्या रूपात दिसते, आणि वर्तुळ जितके लहान तितके ते वस्तुमान मोठे. म्हणजे तिकडे गेलेली ऊर्जा आपल्याकडे जड कणांच्या रूपात जमेला येतच राहते आणि तिचे गुरुत्वही जाणवत राहते. ओघ क्षणभर खरा मानून निर्वाताची आज मोजलेली ऊर्जाघनता, घनमीटरमागे सुमारे ५ × १०^(-१०) जूल, त्याला लावली, तर पृथ्वीत दर सेकंदाला सुमारे तीन अब्ज जूल शिरतात. पृथ्वीच्या अंतरंगातून बाहेर पडणारी उष्णता सुमारे ४७ लाख कोटी वॅट असल्यामुळे हा आकडा निरुपद्रवी वाटेल. पण क्वांटम सिद्धांताचा सरळसोट अंदाज लावायचा झाला तर ऊर्जाघनता सुमारे दहाच्या एकशेविसाव्या घाताने वाढते आणि पृथ्वी एका क्षणात कृष्णविवर होते. यांपैकी कोणती घनता आपण वापरत आहात, हे टिपणात कुठेही सांगितलेले नाही.

ज्यात खरोखर काही नाहीसे होऊ शकते अशी कल्पना म्हणजे मोठ्या मितींची. अर्कानी-हामेद, दिमोपौलोस आणि द्वाली यांनी १९९८ मध्ये असे मांडले की पदार्थ आणि प्रकाश आपल्या तीन मितींनाच चिकटलेले असतील, गुरुत्व मात्र अधिक मितींत पसरत असेल, आणि त्या मितींचा आकार अगदी मिलिमीटरच्या आसपासही असू शकेल. या कल्पनेचे मोल असे की ती लगेच तपासता येते: मितीच्या आकाराहून कमी अंतरावर गुरुत्व अंतराच्या वर्गाऐवजी वरच्या घाताने बदलले पाहिजे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने पीळतराजूवर (तारेला पडणाऱ्या पिळावरून अतिसूक्ष्म बल मोजणाऱ्या उपकरणावर) हे मापन करत करत २०२० मध्ये ५२ मायक्रोमीटरपर्यंत मजल मारली. न्यूटनचा नियम तिथेही शाबूत होता, आणि सर्वांत मोठ्या गुप्त मितीचा आकार ३० मायक्रोमीटरहून कमी असला पाहिजे अशी मर्यादा त्यावरून निघाली. दुसऱ्या टोकाची तपासणी १७ ऑगस्ट २०१७ रोजी आली. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनातून आलेली गुरुत्वीय लहर आणि तिच्यामागोमाग १.७ सेकंदांनी आलेले गॅमा किरण यांमुळे अंतर दोन स्वतंत्र मार्गांनी ठरवता आले. वाटेत गुरुत्व इतर मितींत गळत असते, तर लहर अपेक्षेहून क्षीण भासली असती. तशी ती भासली नाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढ्याला उभारायच्या लायगो-इंडिया वेधशाळेमुळे अशा स्रोतांची आकाशातील जागा अधिक नेमकी कळेल आणि ही कसोटी आणखी कडक होईल.

निर्वातातून ऊर्जा काढण्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण इथे सांगण्यासारखे फार नाही. कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये भाकीत केलेले दोन धातूपट्ट्यांमधील आकर्षण लामोरो यांनी १९९७ मध्ये सुमारे ५ टक्के अचूकतेने मोजले, तेव्हा परिणाम खरा आहे. एक चौरस मीटरच्या दोन आदर्श पट्ट्या दुरून १०० नॅनोमीटर अंतरापर्यंत आणल्या तर मिळणारी ऊर्जा सुमारे ०.४३ मायक्रोजूल असते, आणि पुढचा फेरा सुरू करण्यासाठी त्या दूर करताना तितकीच परत द्यावी लागते. वजन एकदा खाली पडल्यावर ते पुन्हा उचलण्याइतकीच ही गोष्ट नफ्याची आहे. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठात २०११ मध्ये निर्वातातून फोटॉन (प्रकाशकण) निर्माण झाले खरे, पण त्यांची ऊर्जा आली ती आरशासारखे काम करणारे परिपथाचे टोक वेगाने हलवणाऱ्या उपकरणातून.

एवढे सगळे वजा केल्यावर आपल्या टिपणातले काय उरते? कालविस्तार, गुप्त मिती आणि निर्वात हे तिन्ही विषय एकमेकांशी जोडलेले असावेत, ही अंतःप्रेरणा उरते, आणि ती मला मुळीच टाकाऊ वाटत नाही. फक्त सांधे आपण दाखवले त्या जागी नाहीत.

एक सांधा निर्वात आणि गुप्त मिती यांचा आहे. वर्तुळात गुंडाळलेली मिती म्हणजे निर्वातातील कंपनांसाठी एक बंद पोकळीच, त्यामुळे तिथेही कॅसिमिर ऊर्जा असते. अ‍ॅपलक्विस्ट आणि चोडोस यांनी १९८३ मध्ये दाखवले की या ऊर्जेमुळे पाचवी मिती आकसत जाण्याकडे झुकते. म्हणजे ती लहान का आहे याचे उत्तर निर्वातच देऊ शकेल, मात्र ती एका ठरावीक आकारावर थांबते का, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. याच धाग्यावर, कृष्ण ऊर्जेच्या (विश्वाच्या विस्ताराचा वेग वाढवणाऱ्या ऊर्जेच्या) मोजलेल्या घनतेला लांबीचे रूप दिले तर सुमारे ८५ मायक्रोमीटर येतात. पीळतराजूवाल्यांना नेमक्या याच टप्प्यात रस का होता, हे यावरून कळेल. मोंतेरो, वाफा आणि वालेन्झुएला यांनी २०२२ मध्ये मायक्रोमीटरच्या आसपासची एकच मिती कृष्ण ऊर्जेशी जोडून दाखवली आहे. ती सट्टेबाज कल्पना आहे, परंतु पुढच्या पिढीच्या उपकरणांच्या आवाक्यात येणारी आहे, म्हणून मी तिला आदराने वागवतो.

दुसरा सांधा निर्वात आणि काळ यांचा आहे, आणि तो अधिक खोल आहे. ‘निर्वात’ म्हणजे किमान ऊर्जेची अवस्था. पण ऊर्जा मोजायची तर कोणाच्या तरी घड्याळाने मोजावी लागते. अन्रू यांनी १९७६ मध्ये दाखवले की एकसमान त्वरणाने जाणाऱ्या निरीक्षकाला तेच निर्वात उबदार भासले पाहिजे. ही ऊब अत्यल्प आहे: एक केल्व्हिन तापमानासाठी पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या सुमारे अडीच लाख कोटी कोटी पट त्वरण लागते, आणि तिचे थेट मापन झालेले नाही. तरी आपल्या कल्पनेचा बाण इथे उलटा फिरतो हे पाहावे. निर्वात घड्याळाची गती ठरवते असे आपण म्हणता, तर या गणितात घड्याळ बदलले की निर्वाताचा अर्थ बदलतो. साखारोव यांनी १९६७ मध्ये गुरुत्व हे निर्वातातील क्वांटम चढउतारांतून उद्भवत असावे असे सुचवले, आणि पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान केंद्रामध्ये थाणू पद्मनाभन यांनी अवकाशकालाच्या उष्मागतिकीवर आणि त्यातील संभाव्य किमान लांबीवर अनेक वर्षे जे काम केले, त्याचा रोखही याच बाजूला होता. आपली आवड गांभीर्याची असेल तर वाचनाची सुरुवात तिथून करावी, असे मी सुचवेन.

टिपणाची पुढची आवृत्ती करणार असाल तर ओघाचा भाग पूर्णपणे गाळावा. आठपटीचा हिशेब त्याला उभा राहू देणार नाही. निर्वाताचा भाग ठेवायचा असेल तर हायड्रोजन आणि सिझियम यांच्या घड्याळांवर जानेवारी ते जुलै या काळात किती फरक पडेल, एवढाच एक आकडा आपल्या गृहीतकांतून काढावा. तो वर दिलेल्या मर्यादेच्या आत आला तर मला कळवावे. मग इट्टर्बियम आणि स्ट्रॉन्शियमच्या प्रकाशीय घड्याळांसाठी तोच हिशेब कसा मांडायचा, ते पुढच्या उत्तरात लिहीन.